यामाहा आरएक्स 100 मोटारसायकलच्या क्लच कव्हरचे स्क्रू निघत नाहीत, कोणता स्क्रू ड्रायव्हर घ्यावा?

आपण लिहिले आहे की क्लच कव्हरचे खालचे दोन स्क्रू हलत नाहीत, नवा कोरा स्टार स्क्रू ड्रायव्हर लावला तरी तो खाचेतून निसटतो आणि गॅरेजवाल्याने ‘हातात जोर कमी पडतो’ असे सांगितले. ते शेवटचे वाक्य वाचले म्हणून हे उत्तर लिहायला बसलो. आपला जोर कमी पडत नाही. ड्रायव्हर चुकीचा आहे.

ज्याला आपण सरसकट ‘स्टार’ म्हणतो, त्या फुलीच्या खाचेचे दोन प्रकार दिसायला अगदी सारखे आहेत. फिलिप्स हा अमेरिकन प्रकार; 1936 मध्ये हेन्री फिलिप्स यांना त्याची पेटंटे मिळाली आणि मोटारींच्या कारखान्यांतून तो जगभर गेला. जपानी गाड्यांवरचे, म्हणजे आपल्या यामाहावरचेही, स्क्रू मात्र जपानच्या औद्योगिक मानकाप्रमाणे, म्हणजे जेआयएसप्रमाणे, बनवलेले असतात. फिलिप्सचे टोक या खाचेत घातले की ते आधी तळाला टेकते आणि त्याच्या चार पाकळ्या खाचेच्या भिंतींना पुरत्या भिडण्याआधीच थांबतात. मग जितका जोर लावाल तितके ते वर चढून भिंती खरवडते.

आमच्या घरीही आरएक्स 100 च होती. कोल्हापुरात राहत होतो, पन्हाळ्याच्या चढावर क्लच घसरू लागला होता आणि प्लेटा आपणच बदलू, असे मी अठराव्या वर्षीच्या उत्साहाने वडिलांना सांगितले होते. बाकीचे स्क्रू निघाले, पण चिखलपाणी खाऊन बसलेले किकच्या खालचे दोन निघेनात. थोरल्या दादाने ‘तुझ्या मनगटात जोरच नाही, दे इकडे’ म्हणून माझ्या हातातून ड्रायव्हर घेतला आणि सगळे वजन टाकून पिळला. कर्रकन आवाज झाला, फुलीतून चकचकीत कीस बाहेर आला आणि खाचेची वाटी झाली. मग छिन्नी आली. तिसऱ्या घावाला छिन्नी घसरली आणि कव्हरच्या कडेची, नेमकी पॅकिंग बसते तिथली, नखाएवढी खपली उडाली. त्या दिवसापासून तिथून तेल पाझरू लागले, वडील रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवू लागले आणि घरात कायमचे ठरले की धाकट्याने स्क्रू खराब केले.

पंधराएक वर्षांनी शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला असताना आमच्या शॉपमध्ये एक जपानी मशीन बसवले गेले. त्याच्यासोबत आलेल्या हत्यारांच्या डब्यातील ड्रायव्हरच्या टोकावर मी सहज एक स्क्रू अडकवला आणि ड्रायव्हर आडवा धरला, तर स्क्रू लोंबकळलादेखील नाही, टोकाशी एकजीव झाल्यासारखा सरळ उभा राहिला. फिलिप्सच्या टोकावर तोच स्क्रू डुगडुगत होता. साहेबांची परवानगी घेऊन तीन नंबरचा ड्रायव्हर मी रविवारी घरी आणला आणि डाव्या बाजूच्या मॅग्नेटो कव्हरला लावला, ज्याच्या स्क्रूंभोवती अॅल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी साचली होती. मुठीवर हातोडीचे दोन टोले दिले, दाबून पिळले आणि टक् असा कोरडा आवाज होऊन स्क्रू सुटला. दादा शेजारीच उभा होता. ‘सैलच असतील,’ म्हणाला. तो आजही हेच म्हणतो, आणि जोराने सुटले असते तर त्याच्याच हातून सुटले असते, हे माझे म्हणणे त्याने आजवर मान्य केलेले नाही.

तेव्हा जेआयएस असे स्पष्ट लिहिलेला ड्रायव्हर घ्या. व्हेसल ही ओसाकाची कंपनी असे ड्रायव्हर बनवते. क्लच कव्हरच्या 6 मिलिमीटरच्या स्क्रूंना तीन नंबर लागतो, 3 ते 5 मिलिमीटरच्या स्क्रूंना दोन नंबर. दोन नंबरने तीनचे काम उरकू पाहणे हा आपल्याकडच्या गॅरेजांतला सर्रास गुन्हा आहे. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे मागून हातोडी मारली की टोक आपोआप फिरवणारा ड्रायव्हर, जरूर वापरा, पण त्यातही बिट, म्हणजे बदलता येणारे टोक, जेआयएसचेच हवे. फिलिप्सचे बिट लावून हातोडी मारली तर खाच अधिक वेगाने जाते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवा.

एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी तीस वर्षांहून जुनी असल्याने मधल्या काळात कुणी स्थानिक हार्डवेअरचे स्क्रू बसवले असण्याची शक्यता आहे, परंतु जेआयएसचे टोक फिलिप्सच्या खाचेतही बऱ्यापैकी बसते, त्यामुळे खर्च वाया जाणार नाही. माथ्यावरचा बारीक ठिपका पाहून जेआयएस ओळखावा असे लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. कार्बोरेटरच्या वाटीवर इम्पॅक्ट ड्रायव्हर मुळीच चालवू नका.

आणि खाच आधीच गोल झाली असेल, तर 6 मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त माथा उडवा, कव्हर काढा आणि उरलेला दांडा लॉकिंग पकडीने धरून फिरवा. माथ्याचा ताण गेल्यावर तो सहसा हलक्या हाताने निघतो. छिन्नी मात्र कुणालाही कव्हरजवळ आणू देऊ नका, मग तो घरातला थोरला असला तरी. आमच्या कव्हरची ती खपली आजही तशीच आहे आणि वडिलांनंतर आता पुठ्ठा मी सरकवतो.