विचारा, आम्ही सांगतो : एकटीनं व्हॅन घेऊन अमेरिका

प्रश्न : मी 57 वर्षांची, बँकेतून रिटायर झाले, जुळे सोलापूरला राहते. भाचा बोस्टनजवळ असतो, त्याच्याकडं मे महिन्यात जायचंय आणि तिथनं झोपायची सोय असलेली व्हॅन भाड्यानं घेऊन एकटीनंच न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को, 30 दिवसांत 14 नॅशनल पार्क बघायचा विचार आहे. कार मी वीस वर्षं चालवतेय. घरचे म्हणतात डोकं फिरलंय. जमेल का?

उत्तर : ताई, डोकं अजिबात फिरलेलं नाही, फक्त ते 14 चे 4 करा. मी स्वतः 2019 ला एकटी गेले होते आणि माझीही यादी अशीच लांबलचक होती, पहिल्या दहा दिवसांत मी पार्क कमी आणि हायवे जास्त बघितला, संध्याकाळी पोचायचं, फोटो काढायचा, सकाळी परत स्टेअरिंग. म्हणून पूर्वेकडनं व्हॅन घेऊच नका. विमानानं लास व्हेगासला जा, तिथं व्हॅन घ्या, झायन अडीच-तीन तासांवर आहे, मग ब्राइस कॅन्यन, ग्रँड कॅन्यन आणि शेवटी कोलोरॅडोतलं मेसा व्हर्दे. प्रत्येक ठिकाणी निदान चार रात्री.

ग्रँड कॅन्यनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपण सोलापूरकर उन्हाला घाबरत नाही आणि तिथंच फसतो. आपल्याला सवय गडाची, आधी चढायचं, दम लागला की मागं फिरायचं, उतार आपोआप घरी आणतो. तिथं उलटं आहे, सकाळच्या गारव्यात उड्या मारत उतरता आणि दमल्यावर, भर दुपारी, चढ समोर येतो. दरी जवळजवळ 1.6 किलोमीटर खोल, वर स्वेटर लागतो तेव्हा खाली आपल्या मे महिन्यासारखं तापलेलं असतं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचं मनातसुद्धा आणू नका, रेंजर लोक सुद्धा हेच बजावतात. ब्राइट एंजल ट्रेलवर दीड मैलावर विसाव्याची जागा आहे, तिथनं मागं फिरा.

मेसा व्हर्देला कड्याच्या कपारीत बांधलेलं क्लिफ पॅलेस आहे, सुमारे 150 खोल्या, प्यूब्लो म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी तेराव्या शतकात वस्ती केलेलं. आत फक्त रेंजरबरोबर, तिकीट काढूनच जाता येतं, शिड्या चढाव्या लागतात, गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरवा.

आणि भाच्याकडं आहात तर एक ठिकाण चुकवू नका, त्याला व्हॅन पण लागत नाही, बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरनं लोकल आहे. लॉवेल. सूतगिरण्यांचं जुनं गाव, 1978 मध्ये सरकारनं त्याचं नॅशनल पार्क केलं, झाडं-डोंगरांचं नाही, गिरण्यांचं. तिथल्या बूट (Boott) नावाच्या गिरणीत जुने माग आजही चालवून दाखवतात. जिन्यातच पायाखालची फळी थरथरायला लागते, दार उघडलं की तो आवाज अंगावर येतो, कानात घालायला बोळे देतात. माझे वडील आपल्या सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, घरी आल्यावरही मोठ्यानंच बोलायचे, ते का, हे मला तिथं उभं राहून कळलं. या गिरण्यांत शेतकऱ्यांच्या पोरी काम करायच्या आणि 1834 ला आणि 1836 ला त्यांनी संप केला होता. कापूस यायचा अमेरिकेच्या दक्षिणेतनं, गुलामांनी वेचलेला. 1861 ला यादवी युद्ध पेटलं, तो कापूस अडकला आणि इकडं आपल्या कापसाला भाव चढला. आपलं गाव आणि ते गाव असं एका धाग्यात आहे ताई, तिथं एक अख्खा दिवस द्या.

प्रश्न : रात्री व्हॅन कुठं लावायची? लायसन्स, पास, सेफ्टीचं काय?

उत्तर : पार्कच्या आत कुठंही रस्त्याकडेला लावून झोपता येत नाही, कॅम्पग्राउंडचं बुकिंगच लागतं आणि बऱ्याच ठिकाणी ते सहा महिने आधी उघडतं, म्हणजे आत्ताच बसा. पार्कबाहेर बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या सरकारी खात्याच्या जमिनीवर बऱ्याच जागी फुकट राहता येतं, साधारण 14 दिवसांपर्यंत, पण पाणी-संडास काही नाही, पहिल्यांदाच एकट्या आहात तर कॅम्पग्राउंडच बरं, शेजारी माणसं असतात.

व्हॅन ताब्यात घेताना हीटर चालू करून बघा. मला दिलेल्या व्हॅनचा हीटर ब्राइसला पहिल्याच रात्री बंद पडला, ते ठिकाण 2400 मीटरच्या वर, मे मध्ये पण पाणी गोठतं, सकाळी काचेच्या आतल्या बाजूला माझ्याच श्वासाचा बर्फ झाला होता, नखानं खरवडला. शेगडी पेटवून ऊब घ्यायचा फार मोह झाला. तो मोह कधीही करू नका. बंद व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. डिटेक्टर आहे का, तो वाजतो का, हे बटण दाबून तपासा. दोन जाड रजया जादा मागून घ्या.

लायसन्ससाठी आपल्या आरटीओतनं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, ते एक वर्ष चालतं, मूळ लायसन्सपण बरोबर ठेवा. पासचं गणित बदललंय : 1 जानेवारी 2026 पासून बाहेरच्या देशातल्या लोकांना वार्षिक पास 250 डॉलर, तो नसेल तर 11 मोठ्या पार्कांत माणशी 100 डॉलर जादा, त्यात झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन तिन्ही आहेत, म्हणजे पासच परवडतो.

फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, नकाशे आधीच डाउनलोड करा आणि रोज कुठं असणार ते भाच्याला लिहून द्या. सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरनं निरोप पाठवणारं यंत्र, घ्यायचा तर तिथंच भाड्यानं घ्या आणि तिथंच परत करा, आपल्याकडं परवानगीशिवाय ते आणलं तर एअरपोर्टवर अडकाल.

प्रश्न : खायला इथनं काय नेऊ?

उत्तर : कडक भाकरी आणि शेंगाचटणी. फ्रीज नाही, शेगडी नाही, दिवसच्या दिवस टिकतं. तिथं उतरल्यावर कस्टमवाल्यांना खायच्या वस्तू आहेत असं सांगा, लपवू नका. कढीपत्ता आणि ताजी फळं मात्र घरीच ठेवा, ती काढून घेतात.