दिवाणात सापडलेली 143 पुस्तकं

"मॅडम, पोरगं हातचं गेलं."

खताच्या रिकाम्या पोत्याची शिवलेली थैली होती. तिच्यातून मुलाच्या वडिलांनी सात-आठ पुस्तकं काढली आणि माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, टेबलावर ठेवली, घरात दारूच्या बाटल्या सापडल्यावर बाप ठेवतो तशी. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, 5 एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मुलगा 26 वर्षांचा. चार वर्षं अमरावतीला खोली करून एमपीएससीची तयारी करत होता, मधे तलाठी भरतीचा फॉर्मही भरला होता. कुठे 4 गुणांनी राहिला, कुठे 11 गुणांनी. दिवाळीला बोजा-बिस्तरा घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. मग एक दिवस आईनं दिवाणातल्या गोधड्या उन्हात टाकायला काढल्या, तर खाली पुस्तकं. 143. गाईड एकही नाही. सगळ्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं, जंगलाची पुस्तकं.

"म्या कापूस इकून पैसे धाडले, अन् यानं गोष्टीची पुस्तकं घेतली. हे येसनच झालं ना?"

(दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

'मुलगा अभ्यास सोडून अवांतर वाचतो, काय करू?' हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप मला नवे नाहीत. पुस्तकं काढून घेऊ का, रद्दीत घालू का, इथपर्यंत विचार गेलेला असतो. या काकांना मी एवढंच सांगितलं की पुस्तकं जशी होती तशी दिवाणात ठेवा आणि पुढच्या खेपेला त्याला एकट्याला पाठवा.

तो आला तेव्हा त्याच्या हातात 200 पानी वही होती. मीच निरोप धाडला होता, पुस्तकांबद्दल काही लिहून ठेवलं असेल तर घेऊन ये. आणि मग पहिलाच प्रश्न मी चुकीचा विचारला: "अभ्यासाला दिवसाचे किती तास देत होतास?" त्यानं वही मिटून मांडीवर ठेवली. वीस मिनिटं हो-नाही यापलीकडे गेला नाही.

शेवटी मी म्हटलं, "वही दाखवतोस?"

पट्टीनं आखलेले रकाने. क्रमांक, नाव, लेखक, कुठून घेतलं, किंमत, वाचून झाल्याची तारीख. क्रमांक 1 ला 'श्यामची आई', किंमतीच्या रकान्यात 'बक्षीस, सहावी, भाषण स्पर्धा'. त्यापुढची बहुतेक जुनी, हात बदललेली पुस्तकं, 40, 60, 80 रुपयांची. परीक्षेला नागपूरला गेलं की सीताबर्डीवरून एखादं घेऊनच बस धरायची. बेरीजही त्यानंच केली होती, 11,460 रुपये. त्यासाठी संध्याकाळचा डबा बंद केला होता, हे त्यानं मान खाली घालून सांगितलं.

काही नावांपुढे लाल पेनानं तारा होता. सगळे मिळून 11.

"हे तारे कशाचे?"

आता मात्र तो बोलत राहिला. पहिला तारा उद्धव शेळक्यांच्या 'धग'ला. 1960 साली आलेली कादंबरी, आपल्या वऱ्हाडातली, बोलणं वऱ्हाडी. "मॅडम, यातली कौतिक माह्या आजीसारखी बोलते. क्लासमधे मी बोललो का पोरं हसत. तीच भाषा पुस्तकात छापलेली पाह्यली अन् रातभर झोपलो नाही." जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांना तीन तारे. नवेगावबांध-नागझिऱ्याचं रान वाचल्यावर तो गावच्या तलावावर पहाटे जाऊन बसायला लागला होता. लहानपणापासून दिसणारे पक्षी, पण त्यांची नावं त्याला पुस्तकातून कळली.

वस्तू साठवून ठेवण्याचा एक आजार असतो, पण त्यात खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, बरेचदा काय आणलं तेही आठवत नाही आणि कागदाचा कपटाही टाकवत नाही. या मुलाला 143 पैकी प्रत्येक पुस्तक ठाऊक होतं. हा संग्रह होता, आणि चांगला होता. मी त्याला तसं सांगितलं. त्याच्या वाचनाला कुणी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

खरी गोष्ट मात्र शेवटच्या रकान्यात होती. पहिली तीन वर्षं महिन्याला एक-दोन पुस्तकं. मागच्या जूनपासून नऊ, दहा, एका महिन्यात बारा. मी त्या तारखांवर बोट ठेवलं. तो बराच वेळ बोटाकडे पाहत राहिला.

"जूनपासून मी अभ्यासिकेत गेलोच नाही."

त्याच्या मनानं परीक्षा कधीच सोडली होती. घरी सांगायची हिंमत नव्हती. सकाळी उठायचं, वाचायचं, रात्री बाबांच्या फोनला 'चालू हाय अभ्यास' म्हणायचं. मी झोप विचारली, जेवण विचारलं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. विचारल्यामुळे असा विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, आणि आपल्या भागात तर हा प्रश्न गिळून चालतच नाही. "कधी कधी वाटते सकाळ नाही झाली तं बरं," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, औषध सुरू झालं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

म्हणून विचारणाऱ्या आईबापांना मी म्हणते, पुस्तकं मोजू नका. पोरगं जेवतं का, झोपतं का, मित्रांत बसतं का, पुस्तक मिटल्यावर कामाला लागतं का, ते पाहा. लागत असेल तर वाचन हा त्याचा विसावा आहे, त्याला हात लावू नका. लागत नसेल तर तो पुस्तकाआड काहीतरी लपवतो आहे, आणि पुस्तकं काढून घेतलीत तर लपायची शेवटची जागाही जाईल. पैशाचं मात्र उघड बोला. महिन्याला पुस्तकांवर किती, ते ठरवून टाका.

एक शिक्षक मला म्हणाले, 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, आता अवांतर वाचन कामी येतं असं बापाला सांगा, तो शांत होईल. मला ते पटलं नाही. या पोराकडे पेपरात न मोजली जाणारी ही एकच गोष्ट उरली होती, तीही पेपराला जुंपायची?

बाबांना त्यानं माझ्यासमोर सांगितलं. "बाबा, मले नाही होत आता." काका उठून चहाला म्हणून गेले ते अर्ध्या तासानं आले. डोळे लाल होते. "आंधीच सांगतलं असतं तं म्या का मारलं असतं का तुले?" एवढंच म्हणाले.

मी दोघांना एक काम दिलं. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं त्यानं तारेवाल्या पुस्तकातलं काहीतरी बापाला सांगायचं. पहिल्या रात्री काका खाटेवर झोपून गेले. दिवसभर वावरात फवारणी होती. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ढोरं सोडताना त्यांनी विचारलं, "मंग त्या कौतिकचं काय झालं?"

सगळं जागेवर आलेलं नाही. औषध चालू आहे. तो तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात बसतो, एकदा शेवटची परीक्षा द्यायची की नाही ते ठरलेलं नाही, आणि नातेवाईक विचारायचं सोडत नाहीत. मागच्या खेपेला त्यानं वही दाखवली. क्रमांक 144, किंमत 120, आणि 'कुठून घेतलं' याच्या रकान्यात 'पहिला पगार'. तारा अजून नाही, पुस्तक अर्धंच झालंय म्हणाला. दिवाणातल्या गोधड्या आईनं लोखंडी पेटीत हलवल्या आहेत.