एन्ट्रॉपीची व्याख्या फळ्यावर आधी लिहू नका

तुम्ही नागपुरात नव्यानेच शिकवायला लागला आहात आणि विचारताय की थर्मो (थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र), फ्लुइड (द्रव-वायूंचं शास्त्र) आणि एम-३ (तिसरा गणिताचा पेपर) हे विषय इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कसे समजवावेत, कारण मुलं घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. मी थर्मोबद्दलच लिहितो. तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि ते आपण शिक्षकच करतो.

उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांवरचं कार्नोचं काम १८२४ चं. 'एन्ट्रॉपी' हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसिअसने दिला १८६५ मध्ये; उष्णतेची देवघेव आपोआप कोणत्या दिशेने होईल, हे सांगणारी ही राशी. मधली ४१ वर्षं भलेभले लोक या शब्दाशिवाय झगडत होते, आणि आपण पहिल्याच तासाला 'व्याख्या लिहून घ्या' म्हणतो!

त्याऐवजी वर्गात मोठा थर्मास, एक गंज (पातेलं) आणि थर्मामीटर न्या. १ किलो पाणी ८० अंशांचं, १ किलो २० अंशांचं. मे महिन्यात नळाचं पाणीच चटका देतं, म्हणून माठातलं घ्या, लागलं तर बर्फ टाका. पण तो पूर्ण विरघळल्यावरच तापमान आणि वजन मोजा. मिसळण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं नुसती करमणूक.

५० अंश आले की विचारा: हे पाणी आपोआप पुन्हा ८० आणि २० असं वेगळं होईल का? मुलं 'नाही' म्हणतात. मग हिशेब करायला लावा. एकाने १२५.४ किलोज्यूल गमावले, दुसऱ्याने तेवढेच कमावले. उलटं झालं तरी पहिला नियम (एकूण ऊर्जा तेवढीच राहते) जुळतोच. मग अडवतंय कोण? इथे वर्ग शांत होतो. सूत्र आता द्या: एन्ट्रॉपीतला बदल म्हणजे वस्तुमान × विशिष्ट उष्णता × एलएन (शेवटचं तापमान/सुरुवातीचं तापमान). एलएन म्हणजे नैसर्गिक लॉग, आणि तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअस अधिक २७३. थंड पाण्याचं १ × ४.१८ × एलएन (३२३/२९३) म्हणजे +०.४०७५, गरम पाण्याचं −०.३७१३. बेरीज +०.०३६२ किलोज्यूल प्रति केल्विन, म्हणजे ३६ ज्यूल प्रति केल्विन. उलटं व्हायचं तर ही बेरीज ऋण यायला हवी, आणि आपोआप तसं होत नाही. अडवते ती एन्ट्रॉपी.

चुका ठरलेल्या असतात. याच सत्रात एका मुलीने केल्विनऐवजी सेल्सिअस घातलं. ३६ च्या जागी १८६५ आले. उत्तर धन होतं, म्हणून तिने खाली दोन रेघा मारून चौकट केली. उत्तर ५० पट फुगलं तरी चिन्ह बरोबर राहतं, म्हणून ही चूक सापडत नाही. कॅल्क्युलेटरवर एलएनऐवजी लॉग (१० पायाचा) दाबलं तर १५.७ येतात, तिथेही चिन्ह धनच. दोन्ही चुका मुद्दाम फळ्यावर करून दाखवा.

स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एकच ऐकू येतं: 'पोरांचं गणित कच्चं आहे, पाच वर्षांचे पेपर सोडवून घ्या, निघतात पास.' मला हे साफ अमान्य आहे. वरच्या उदाहरणात बारावीच्या पुढचं काय आहे? कच्ची असते ती उत्तर येण्याआधी अंदाज बांधायची सवय, आणि ती पेपर सोडवून लागत नाही. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या ६६० मेगावॉटच्या संचांतून कूलिंग टॉवरवाटे एवढी उष्णता का सोडून द्यावी लागते, हे ज्याला सांगता येत नाही, त्याचे सुटलेले पाच पेपर मी धरत नाही.

एक सांगायचं राहिलं. थर्मास स्वतः उष्णता खातो, त्यामुळे प्रत्यक्षात ५० पेक्षा एक-दोन अंश कमी येतील. ते लपवू नका, त्यावरच पुढचा प्रश्न काढा. याला पूर्ण दोन तास जातात. आणि मॅक्सवेल रिलेशन्सना (दाब, घनफळ, तापमान आणि एन्ट्रॉपी यांना जोडणारी समीकरणं) हा प्रयोग कामाचा नाही. तिथे पार्शल डिफरन्सिएशन (बाकीच्या राशी स्थिर धरून केलेलं विकलन) पुन्हा घ्यावंच लागतं.