शेजाऱ्याला दोष देण्याआधी पहाटेचं पाणी मोजा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. निफाडकडचं शेततळं, त्याच पाण्यावर पालक-मेथी, पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड वासतात, उन्हं वर आली की खाली जातात, मरतात ते मोठे आधी, आणि तपासणीत ‘पाणी योग्य’. तुमचा संशय शेजारच्या द्राक्षबागेच्या फवारणीवर. हेच मी भोगलंय.

मी मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही, तुमचं तळंही पाहिलेलं नाही. तरी मला ही फवारणी वाटत नाही. विषबाधा पहाटेची वाट बघत नाही. मासे वेडेवाकडे पळतात, बोटुकलीही (माशांची लहान पिल्लं) सुटत नाहीत. रोज पहाटेच आणि मोठेच आधी, म्हणजे प्राणवायू संपतोय. हिरवंगार पाणी दिवसा प्राणवायू तयार करतं आणि रात्रभर स्वतःच खातं. दोन दिवस ढगाळ गेले तर आणखी वाईट.

माझ्याकडे एका कार्यालयातून साहेब आले ते भर दुपारी. मीटर बुडवला, प्राणवायूचा आकडा लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर. ‘ऑक्सिजन भरपूर आहे, फवारणीच असणार’ असं लेखी देऊन गेले. पहाटे या म्हणून किती विनवलं, तर ऑफिस १० ला उघडतं. त्या कागदावरून माझ्या द्राक्षवाल्या शेजाऱ्याशी वाजलं. बांध एक, विहिरीच्या पाळ्या एकत्र, आणि बोलणं बंद. त्या माणसाने तरीही ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या बांधालगतच्या त्याच्या द्राक्षओळींवर फवारणी थांबवली. त्या ओळींवर डावणी (केवडा रोग) आली, घड गेले. आणि आमचे मासे मरतच राहिले! नुसतं पहाटे एकदा पाणी मोजलं असतं तर शेजाऱ्याचा माल वाचला असता. याचा राग अजून जात नाही.

म्हणून पाणी दोनदा मोजा. उजाडायच्या आत प्राणवायू: लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उत्तर मिळालं, ५ च्या वर हवा. दुपारी ३-४ ला सामू (पीएच) आणि अमोनिया (माशांच्या विष्ठेतून, कुजलेल्या खाद्यातून पाण्यात येतो तो), कारण हिरव्या पाण्याचा सामू दुपारी ९ पर्यंत चढतो आणि २५ अंशाला ७ सामूवर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तो ९ वर तिसऱ्या हिश्शाच्याही वर जातो. तुमचा पालक शिरा हिरव्या ठेवून पिवळा पडतोय ना? तेही चढ्या सामूमुळे लोह मिळत नसल्याचं लक्षण असू शकतं. ईडीटीएवालं चिलेट (पिकाला लोह देणारं खत) अशा पाण्यात टिकत नाही, ईडीडीएचएवालं घ्या.

पाणी हिरवं करणाऱ्या शेवाळाला दुकानदार मोरचूद (तांब्याचं क्षार) सुचवेल. टाकू नका. सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायू जातो, वर तांबं तळ्यात राहतं. त्यापेक्षा तळ्याच्या काही भागावर शेडनेट, खाद्य निम्मं, आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री. लोक दिवसा चालवतात, ते पटत नाही मला. शेतीची लाइट रात्री कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टरला आधी पैसे काढा, जास्तीच्या मत्स्यबीजाला नंतर.

थंडीचंही बघा. निफाडला पारा ५ च्या खाली जातो. पाणी गार झालं की रोहू खात नाही, टाकलेलं खाद्य तळाला कुजतं, आणि अमोनिया पचवणारे जिवाणूही मंदावतात. चिलापी (तिलापिया मासा) असेल तर १०-१२ अंशाखाली ती मरायलाच लागते.

फवारणी अगदीच निर्दोष असं नाही हं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना फार जहाल. शेजाऱ्यांचा ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असताना वारा तुमच्याकडे असेल तर त्यांना वेळ विचारून घ्या, तळ्यावर कापड ओढा. भाजीवर निंबोळी अर्क मारतानाही पाणी तळ्यात निथळू देऊ नका. पण हे सगळं बोलायला शेजारी बोलता राहायला हवा. पहाटेचा आकडा आला की इथे टाका, तळ्याची लांबी-रुंदी-खोलीही लिहा, मग एरेटर केवढा लागेल ते बघू.