मुलगा म्हणतोय बेस गिटारच वाजवणार, आता काय करायचं?

हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतच असतात, फक्त वाद्य बदलतं. या वेळी बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं कुटुंब होतं (ओळख पटेल असे तपशील बदललेत), मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आणि त्याला जॅझ फ्युजनमध्येच (जॅझमध्ये रॉकसारखं दुसरं संगीत मिसळतात ते) करिअर करायचंय. आई म्हणाली, "मॅडम, गाणं असतं तर चार लोकांना सांगता आलं असतं, हे बेस म्हणजे काय तेच कोणाला कळत नाही."

बाबा गप्प होते, मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मुलगा सारखं ज्याचं नाव घेतो त्या अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसबद्दल त्यांनी रात्री जागून सगळं वाचलं होतं. 1976 मध्ये वेदर रिपोर्ट या फ्युजन बँडमध्ये आला, फ्रेटलेस (पडद्या नसलेला) बेस वाजवून जगभर नाव कमावलं, आणि 1987 मध्ये एका क्लबबाहेर मारहाण झाली त्यात गेला, वय पस्तीस. "माझ्या मुलाचं असं झालं तर?" मुलगा चिडला, "पप्पा, तुम्ही फक्त शेवट वाचलात!"

मला वाटतं खरं बोलणं इथे सुरू झालं, कारण "स्कोप काय आहे" असं विचारणाऱ्या बऱ्याच वडिलांच्या मनात पैशाइतकीच मुलगा हातचा जाईल ही भीती असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. मी बाबांना स्पष्ट सांगितलं की जॅकोला बायपोलर डिसऑर्डर (मूड टोकाचा वर-खाली होणारा मानसिक आजार) होता, 1982 मध्ये निदान झालं होतं, त्यात दारू आणि ड्रग्ज. हा आजार बँकेत नोकरी करणाऱ्यालाही होतो, आणि त्यावर उपचार आहेत. मग मुलाशी एकट्याशी बोलले, झोप, दारू, मित्र, सगळं विचारलं. काळजीसारखं काही नव्हतं, ते त्याला विचारूनच आईबाबांना सांगितलं.

पुढचा प्रश्न मुलाला होता, बेस वाजवणाऱ्याच्या घरात महिन्याचे पैसे येतात कुठून? स्केल्स त्याला तोंडपाठ, पण हे माहीत नव्हतं. म्हटलं, बडोद्यात राहतोस, नवरात्रीत गरब्याला बेस वाजवणारे आहेत, एकाला भेटून ये. तर नाक मुरडलं, गरबा कुठे आणि फ्युजन कुठे! अरे, जॅको वेदर रिपोर्टच्या आधी 1972 मध्ये वेन कॉक्रनच्या सोल (अमेरिकेतलं लोकप्रिय गाण्यांचं संगीत) बँडबरोबर गावोगाव वाजवत फिरत होता. आणि आपली बेसवादक मोहिनी डे, बेस वाजवणाऱ्या वडिलांकडेच शिकली, रहमानबरोबरही वाजवते आणि स्वतःचं फ्युजनही करते.

गरब्याच्या बेसवाल्याला भेटायला गेला एकदाचा, आणि वहीत लिहून आणलं. नऊ रात्रींचे पैसे आधीच ठरतात, ढोलाबरोबर 'हींच' हा गरब्याचा ताल तासन्‌तास न हलता धरायचा, बोटं सोलवटतात. बाकी वर्षभर लग्नाचे शो, स्टुडिओ, घरी रेकॉर्ड करून फाइल पाठवणं, शिकवण्या, आणि काही महिने चक्क रिकामे. बाबांचं दुकान आहे, त्यांनी वही ओढून घेतली आणि विचारलं, "ॲडव्हान्स किती घेतात? रिकाम्या महिन्यांचं काय करतात?" घरात या विषयावर इतके दिवस नुसती भांडणं होती, हा पहिला साधा प्रश्न.

ठरलं असं, डिग्री पूर्ण करायची, मग दोन वर्षं घरात राहून वाजवायचं, तारांचा आणि क्लासचा खर्च स्वतःचा, जमाखर्च दर महिन्याला बाबांना दाखवायचा. तबल्याच्या गुरुजींकडे लयकारी शिकायचं मी सुचवलं, कारण सयाजीरावांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली त्या गावात राहून फ्युजनवाल्याने तालाकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. दोन वर्षांनी वही उघडून परत बसायचं, तेव्हा नोकरीकडे वळावं लागलं तर त्यात कमीपणा नाही हेही मुलासमोरच बोलून घेतलं.

माझं मत विचाराल तर शिक्षण अर्धवट सोडू देऊ नका, पण गिटार कपाटावर टाकायला लावू नका. मात्र मूल रात्र रात्र न झोपताही थकत नाहीये, अचानक पैसे उधळतंय, नाहीतर खोलीबाहेरच येत नाहीये असं दिसलं तर करिअरचा वाद तिथेच थांबवा आणि आधी सायकियाट्रिस्टकडे घेऊन जा.