नम्र राहण्यासाठी ख्रिस्ती माणसाने स्वतःला तुच्छ मानावे काय?

नाही. येशूचा प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्रात (12:3) कोणी स्वतःला योग्यतेपेक्षा अधिक मानू नये असे सांगतो, कमी मानावे असे नव्हे. तोच पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (15:9-10) स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणवतो आणि लगेच, आपण इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, मात्र ते देवाच्या कृपेने, असेही निःसंकोच लिहितो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तर, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे ठाऊक असतानाच येशू भोजनावरून उठून शिष्यांचे पाय धुतो. ही सेवा न्यूनगंडातून आलेली नव्हती, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणून कोणी तुमच्या गायनाची किंवा शिकवण्याची प्रशंसा केली, तर ती नाकारत बसू नका. आभार माना आणि ते कृपादान, म्हणजे देवाने दिलेली ती देणगी, मंडळीच्या (चर्चच्या) उपयोगी आणा.