वाचकांचे प्रश्न : रॉ फॉरमॅटची तुलना करायची, पण कशाची कशाशी?

प्रश्न : आम्ही काही मित्र येत्या पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात एका लघुपटाचे चित्रीकरण करणार आहोत. त्यासाठी ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के भाड्याने ठरवला आहे. ब्लॅकमॅजिक रॉच्या (रॉ म्हणजे सेन्सरने, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागाने, टिपलेली माहिती फारशी प्रक्रिया न करता साठवणारा फॉरमॅट) ३:१, ५:१, ८:१ आणि १२:१ या कम्प्रेशनच्या, म्हणजे डेटा दाबण्याच्या, प्रमाणांपैकी कोणते निवडावे, यावर आमचे एकमत होत नाही. छायालेखक मित्राच्या मते ३:१ पेक्षा जास्त दाबल्यास रॉ घेण्यात अर्थच उरत नाही. संकलक मित्राने इंटरनेटवरचा एक व्हिडिओ दाखवला असून त्यात रेडकोडचे (रेड कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फॉरमॅटचे) चित्र ब्लॅकमॅजिक रॉपेक्षा सरस ठरवले आहे. चित्राची गुणवत्ता पारखण्याची खात्रीची रीत कोणती?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी त्या व्हिडिओविषयी. दोन निराळ्या कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी ठेवली की ती तुलना फॉरमॅटची राहत नाही. सेन्सरचा आकार, त्यापुढील गाळण्या, लेन्स आणि रंगांची प्रक्रिया हे सारे तिच्यात मिसळते. शिवाय असा व्हिडिओ संकेतस्थळावर चढवताना पुन्हा इतका दाबला जातो की मूळ फाइलींतील बारीक भेद तेथेच पुसले जातात. फॉरमॅटची प्रामाणिक परीक्षा एकाच कॅमेऱ्यावर, एकाच लेन्सने, केवळ कम्प्रेशनचे प्रमाण बदलूनच होऊ शकते.

आता हे कम्प्रेशन नेमके कशाचे होते ते पाहू. रॉमध्ये सेन्सरवरील प्रत्येक बिंदूचे एकच मूल्य साठवले जाते, लाल, हिरवे किंवा निळे. उरलेले दोन रंग नंतर डिबेअरिंगमध्ये शेजारच्या बिंदूंवरून काढले जातात. ४०९६ × २१६० बिंदू, प्रत्येकी १२ बिट आणि सेकंदाला २४ फ्रेम असा हिशेब केला, तर न दाबलेला डेटा सेकंदाला सुमारे ३१८ मेगाबाइट होतो. तोच ३:१ ला सुमारे १०६, ५:१ ला ६४, ८:१ ला ४० आणि १२:१ ला २७ मेगाबाइटवर येतो. म्हणजे तासाभराच्या चित्रीकरणाला ३:१ वर साधारण ३८० गिगाबाइट लागतील, तर ५:१ वर २३०. आणि प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती ठेवायच्या असतात, हे हार्ड डिस्क विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

बिटांच्या आकड्यावरूनही पुष्कळ वाद होतात, पण १२ बिट म्हटले तरी ते कसे वाटले आहेत ते पाहावे लागते. रेषीय पद्धतीत (जिथे मूल्य प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढते) एकूण ४०९६ पायऱ्यांपैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) जातात आणि आठव्या स्टॉपपर्यंत पोहोचताना जेमतेम १६ उरतात. ॲपलच्या प्रोरेस रॉमध्ये १२ बिटांची मांडणी रेषीय आहे, तर ब्लॅकमॅजिक रॉमध्ये ती अरेषीय असल्यामुळे सावल्यांच्या वाट्याला अधिक पायऱ्या येतात. ॲरी कंपनीने आपल्या पहिल्या अलेक्सा कॅमेऱ्यापासून १६ बिट रेषीय माहिती १२ बिट लॉगमध्ये (प्रत्येक स्टॉपला जवळपास सारख्या पायऱ्या देणाऱ्या मांडणीत) बसवली, ती याच कारणाने. तेव्हा नुसता बिटांचा आकडा पाहून निकाल देऊ नये.

आपल्या पॉकेट कॅमेऱ्यात सुरुवातीला सिनेमाडीएनजी हा दुसरा रॉ फॉरमॅट होता आणि २०१९ च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातील सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) तो जाऊन ब्लॅकमॅजिक रॉ आला. त्यात डिबेअरिंगचा काही भाग कॅमेऱ्यातच उरकला जातो. जुने चित्र अधिक धारदार होते, अशी हळहळ काही जण अजून व्यक्त करतात. मात्र त्या धारेबरोबर पानांच्या कडांवर उमटणारे खोटे रंगही येत असत, याचा उल्लेख ते सहसा करत नाहीत.

आपल्या चित्रीकरणाला खरी अडचण आंबोलीचीच आहे. भर पावसात हलणारी पाने, धुके आणि झाडांखालचा अंधार ही कम्प्रेशनची सर्वांत कठीण परीक्षा होय, कारण प्रत्येक फ्रेममध्ये बारीक तपशील ठासून भरलेला असतो आणि ठरावीक प्रमाणात मात्र बिट वाढत नाहीत. त्यात अंधारातला नॉईज (चित्रातले दाणेदार ठिपके) मिसळला की कोडेकला, म्हणजे डेटा दाबणाऱ्या पद्धतीला, पान कोणते आणि दाणा कोणता हे कळत नाही, आणि तो दोन्ही गुळगुळीत करतो. म्हणून घरात रंगपट्टी लावून घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये. एखाद्या ढगाळ दिवशी गर्द झाडाखाली, तिपाईवर, ॲपर्चर आणि रंगतापमान न बदलता, चारही प्रमाणांत दहा-दहा सेकंदांचे शॉट लागोपाठ घ्यावेत. त्यानंतर तेच शॉट तीन स्टॉप कमी एक्स्पोजरवर पुन्हा घ्यावेत. रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग शून्यावर ठेवून, कमी एक्स्पोजरचे शॉट तीन स्टॉप वर उचलून, २०० टक्के मोठे करून पाहावे. पाहताना झाडाच्या सालीचा पोत आणि काळ्या भागातील ठिपके यांकडे लक्ष द्यावे. आकाशाकडे पाहत बसू नये, तेथे फारसा फरक दिसत नाही.

माझा अंदाज असा की ३:१ आणि ५:१ यांतला भेद आपल्याला शोधूनही सापडणार नाही, १२:१ ला मात्र पाने मेणचट दिसू लागतील. पावसाचे शॉट ५:१ वर किंवा स्थिर गुणवत्तेच्या क्यू० वर घ्यावेत (क्यू० मध्ये फाइलीचा आकार दृश्यागणिक बदलतो), आणि घरातले संवाद निर्धास्तपणे ८:१ वर घ्यावेत. अंधारात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००० ऐवजी १२५० ठेवल्यास कॅमेरा दुसऱ्या गेन-पातळीवर (सेन्सरचा संकेत वाढवण्याच्या दुसऱ्या पातळीवर) जातो आणि सावल्यांमधला नॉईज चटकन कमी होतो. तेवढ्या एका बदलाने चित्रात जो फरक पडेल, तो ५:१ चे ३:१ केल्याने पडणार नाही.

प्रश्न : मुलाखतींसाठी रॉऐवजी प्रोरेस ४२२ एचक्यू (ॲपलचा रॉ नसलेला फॉरमॅट) वापरल्यास जागा वाचेल का? – एक वाचक, पणजी

उत्तर : वाचणार नाही. ४०९६ × २१६० आणि २४ फ्रेमना प्रोरेस ४२२ एचक्यू सेकंदाला सुमारे ९४ मेगाबाइट घेते, म्हणजे ब्लॅकमॅजिक रॉ ५:१ पेक्षा जवळपास दीडपट. शिवाय व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता हे ठरवणारी मांडणी) त्यात कायमचा मुरतो. संकलकाचा संगणक जुना असून रॉ अडखळत असेल, तरच प्रोरेसचा विचार करावा.